सेंट लुसिया, ज्युलियन अल्फ्रेड आणि पॅरिसमधले १०.७२ सेकंद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. पॅरिस ऑलिंपिकमधली महिलांची १०० मीटरची अंतिम शर्यत मी दरवर्षी नव्या मुलांना प्रोजेक्टरवर दाखवतो. ती सेंट लुसिया या छोट्या देशाच्या ज्युलियन अल्फ्रेडने जिंकली. शर्यत अकरा सेकंदांच्या आत संपते, प्रश्न मात्र तास संपला तरी संपत नाहीत. मुलं विचारतात आणि घरी जाऊन सांगतात, मग पालकही विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

सेंट लुसिया हा देश आहे तरी कुठे? केवढा आहे?

कॅरिबियन समुद्राच्या पूर्व कडेला बेटांची एक माळ आहे. त्या माळेत उत्तरेला मार्टिनिक, दक्षिणेला सेंट व्हिन्सेंट आणि मधे सेंट लुसिया. क्षेत्रफळ ६१७ चौरस किलोमीटर. बृहन्मुंबई ६०३ चौरस किलोमीटरची आहे, म्हणजे कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतच्या मुंबईएवढाच हा अख्खा देश. माणसं मात्र १ लाख ८० हजारांच्या आसपास. आपल्याकडचे कितीतरी तालुके याहून मोठे आहेत.

फ्रेंच आणि इंग्रज यांच्या भांडणात हे बेट चौदा वेळा इकडून तिकडे गेलं. २२ फेब्रुवारी १९७९ ला ते स्वतंत्र झालं. कारभार इंग्रजीत चालतो, पण घरात आणि बाजारात फ्रेंचमधून घडलेली क्वेयोल बोलतात. नैऋत्य किनाऱ्यावर समुद्रातून सरळ वर उठलेले पितों नावाचे दोन सुळके आहेत. झेंड्यावरचा त्रिकोण हा त्यांचाच.

एवढ्याशा देशाला दोन नोबेल मिळाली आहेत: अर्थशास्त्राचं १९७९ मध्ये आर्थर लुईस यांना आणि साहित्याचं १९९२ मध्ये डेरेक वॉलकॉट यांना. दोघांचाही वाढदिवस २३ जानेवारीला. नव्हतं ते ऑलिंपिक पदक. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून त्यांचे खेळाडू जात होते आणि रिकाम्या हाताने परतत होते.

३ ऑगस्ट २०२४ ला नेमकं काय झालं?

भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मी फोनवर बघत होतो, घरातले झोपले होते म्हणून आवाज बंद. पॅरिसमध्ये पाऊस पडून गेला होता आणि स्टाद द फ्रान्सचा जांभळा ट्रॅक दिव्यांखाली ओला चमकत होता.

सगळ्यांचं लक्ष अमेरिकेच्या शॅकॅरी रिचर्डसनवर होतं. ती आदल्या वर्षीची जगज्जेती. ही शर्यत याआधी दोन ऑलिंपिकमध्ये जिंकलेली जमैकाची शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइस उपांत्य फेरीला उतरलीच नाही, त्यामुळे सोनं अमेरिकेलाच जाणार असं बहुतेकांनी धरून ठेवलं होतं. अंतिम फेरीतल्या आठ जणींपैकी तिघी अमेरिकेच्या होत्या. ज्युलियनने उपांत्य फेरीत रिचर्डसनला मागे टाकलं होतं, तरी ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

शर्यत पुन्हा पाहायला मिळाली तर पहिल्या तीस मीटरकडे बघा. बंदुकीचा आवाज झाला आणि ज्युलियन ब्लॉकमधून निघाली ती पुढेच. धड खाली, नजर खाली, पावलं लहान आणि ट्रॅकला मागे रेटणारी. बाकीच्या उभ्या होऊन धावायला लागेपर्यंत तिने अंतर काढलेलं होतं. मी मुलांना नेहमी सांगतो की घाईने उभं राहू नका, आधी जमीन ढकला. ते कसं करायचं हे दाखवायला याहून चांगला नमुना माझ्याकडे नाही. साठ मीटरनंतर साधारणपणे मागचे धावपटू जवळ येतात. इथे कुणीच आलं नाही. १०.७२ सेकंद, देशाचा नवा राष्ट्रीय विक्रम. रिचर्डसन १०.८७, मेलिसा जेफरसन १०.९२.

रेषा ओलांडल्यावर ती थांबलीच नाही. छातीवरची नावाची पट्टी ओढून काढली, हातात उंच धरली आणि ओरडत धावत राहिली. मी आवाज बंद ठेवूनच ते पाहिलं, तरी डोळ्यांत पाणी आलं. सेंट लुसियात तेव्हा दुपारचे साडेतीन वाजायला आले होते, आणि लोक घरातून उठून रस्त्यावर आले.

तीन दिवसांनी, ६ ऑगस्टला, तिने २०० मीटरमध्ये २२.०८ सेकंदांत रौप्यही मिळवलं. ते सोनं अमेरिकेच्या गॅबी थॉमसचं.

ज्युलियन कोण? कुठून आली?

जन्म १० जून २००१, राजधानी कॅस्ट्रिजच्या कडेला असलेल्या सिसेरॉन वस्तीत. घरची परिस्थिती साधी. लाडाचं नाव जुजू. शाळेत मुलांबरोबर शर्यती लावल्या की ती त्यांनाही मागे टाकते हे मोठ्यांच्या लक्षात आलं आणि तिथून धावणं सुरू झालं. ती स्वतः सांगते, अनवाणी धावायचे, शाळेच्या गणवेशात धावायचे, जागा मिळेल तिथे धावायचे.

२०१३ मध्ये वडील गेले. ती बारा वर्षांची होती. तिने धावणं सोडून दिलं. त्या वयात आणि त्या दुःखात मुलं खेळ सोडतात, आणि बहुतेक वेळा कुणी त्यांना परत बोलवायला जात नाही. तिचे तिथले प्रशिक्षक कथबर्ट मोडेस्ट मात्र तिला बोलवायला गेले. त्यांनी समजूत घालून तिला मैदानावर परत आणलं. पॅरिसच्या विजयाचं श्रेय विचारलं की लोक ती पुढे जिथे शिकली त्या अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाचं नाव घेतात, आणि ते खरंही आहे. पण मला विचाराल तर ही शर्यत तिथे, त्या परत बोलावण्यात जिंकली गेली.

पॅरिसमध्ये जिंकल्यावर तिने वडिलांची आठवण काढली. मी ऑलिंपिकला जाईन असा त्यांना विश्वास होता आणि तेच हे बघायला नाहीत, असं ती म्हणाली आणि रडली.

मग ती जमैकाला का गेली?

पुढे जायला दुसरी वाट नव्हती म्हणून. चौदाव्या वर्षी ती आईला, घराला सोडून जमैकाच्या शाळेत शिकायला गेली. जमैकात शालेय अ‍ॅथलेटिक्स म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट समजा. आंतरशालेय स्पर्धेला राष्ट्रीय स्टेडियम भरतं. तिथे रोज स्वतःपेक्षा वेगवान मुलींबरोबर धावायला मिळतं. घरी असताना ती सगळ्यांच्या पुढे होती, आणि नेहमी सगळ्यांच्या पुढे असणाऱ्या मुलाची प्रगती थांबते हे कोणताही प्रशिक्षक सांगेल.

२०१८ मध्ये ब्युनोस आयर्सच्या युवा ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचं रौप्य मिळालं आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात प्रवेश. तिथले प्रशिक्षक एड्रिक फ्लोरेआल हे हैतीत जन्मलेले, कॅनडाकडून तिहेरी उडी मारलेले गृहस्थ. आजही तीच जोडी आहे.

सगळं सुरळीत झालं का?

छे. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला दुखापतीमुळे जाता आलं नाही. २०२२ च्या यूजीन जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीत चुकीची सुरुवात झाली, बंदुकीच्या आधी हालली आणि बाद झाली. एवढी वर्षं मेहनत आणि त्या फेरीत एक पाऊलही न धावता परत. काही आठवड्यांनी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने रौप्य घेतलं. २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत १०० मीटरला पाचवी, २०० मीटरला चौथी. चौथा क्रमांक हा खेळातला सगळ्यांत बोचरा क्रमांक. मग मार्च २०२४ मध्ये ग्लासगोला इनडोअर जागतिक स्पर्धेत ६० मीटरचं सोनं, ६.९८ सेकंद. पॅरिसच्या आधी पाच महिने.

अंतिम शर्यतीच्या दिवशी सकाळी तिने उसेन बोल्टच्या शर्यती पाहिल्या आणि कागदावर लिहिलं: ज्युलियन अल्फ्रेड, ऑलिंपिक विजेती.

देशात ट्रॅक नाही असं ऐकलं. हे खरं आहे का?

या प्रश्नाचं उत्तर थोडं लांबणार आहे, कारण मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो हाच प्रश्न.

बेटाच्या दक्षिण टोकाला व्ह्यू फोर्ट नावाचं गाव आहे. तिथे चीनच्या मदतीने जॉर्ज ओडलम राष्ट्रीय स्टेडियम बांधलं गेलं. सप्टेंबर २००९ मध्ये त्याच भागातल्या सेंट ज्यूड रुग्णालयाला भीषण आग लागली. जीव गेले, इमारत निकामी झाली. दक्षिण भागातल्या लोकांना दवाखाना हवा होता आणि तेवढी मोठी पक्की जागा एकच होती. रुग्णालय स्टेडियममध्ये हलवलं. थोड्या काळासाठी म्हणून. तो थोडा काळ दहा वर्षांच्याही पुढे गेला.

म्हणजे ज्युलियन आठ वर्षांची असताना देशाचं स्टेडियम दवाखाना झालं, आणि ती ऑलिंपिक विजेती झाली तोवर त्याचं स्टेडियम परत झालेलं नव्हतं. मी यात कुणाला दोष देत नाही. आजारी माणसाला खाट आधी लागते, मुलाला ट्रॅक नंतर. एवढ्या लहान देशात एका आगीची झळ कुठवर पोहोचते, एवढंच यातून दिसतं. आपल्याकडे एक मैदान गेलं तर शेजारच्या जिल्ह्यात दुसरं असतं. तिथे शेजारचा जिल्हा म्हणजे समुद्रापलीकडचा दुसरा देश.

कॅस्ट्रिजमध्ये मिंडू फिलिप पार्क आहे, पण ते गवताचं मैदान. गवतावर धावण्यात वाईट काही नाही, पाय मजबूत होतात. आमच्या शाळेतही मैदानावर फक्की मारूनच लेन आखतो. पण पावसात फक्की वाहून जाते, जमीन कुठे मऊ कुठे टणक, स्पाइक्स अडकतात, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाचा खेळ तिथे शिकता येत नाही. ब्लॉकमधून निघायचा सराव त्यावर किती करणार?

जिंकल्यानंतरच्या पत्रकार परिषदेत ती हेच बोलली. आमच्याकडे नीट सोयी नाहीत, स्टेडियम दुरुस्त झालेलं नाही, या सुवर्णपदकामुळे सेंट लुसियात नवं स्टेडियम उभं राहावं. आयुष्यातला सगळ्यांत मोठा क्षण, जगभरचे कॅमेरे समोर, आणि मुलगी मागते काय तर गावातल्या पोरांसाठी मैदान. हे वाक्य मी मुलांना शर्यतीइतक्याच आवर्जून सांगतो.

पॅरिसला सेंट लुसियाचं पथक केवढं होतं?

हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. अ‍ॅथलेटिक्स, नौकानयन, जलतरण एवढेच खेळ. ज्युलियनला रिले धावता येत नाही याचं कारणही हेच: रिलेला एकाच देशाचे चार वेगवान धावपटू लागतात. जमैका किंवा अमेरिकेच्या धावपटूला वैयक्तिक शर्यत हुकली तर रिलेचं पदक मिळू शकतं. तिच्याकडे ती सोय नाही.

छोट्या देशांना ऑलिंपिकमध्ये फुकट प्रवेश मिळतो ना?

हा प्रश्न जरा तिरक्या सुरात विचारला जातो, म्हणून नीट सांगतो. ज्या देशाचा एकही खेळाडू पात्र ठरत नाही, त्याला अ‍ॅथलेटिक्ससारख्या खेळांत ठरावीक प्रकारांपुरता एखादा खेळाडू पाठवू देतात. याला सार्वत्रिक प्रतिनिधित्वाची जागा म्हणतात. १०० मीटरमध्ये अशा धावपटूंना मुख्य फेरीआधी एक प्राथमिक फेरी धावावी लागते. त्यातून वर आलं तरच मोठ्या नावांच्या शेजारी उभं राहायला मिळतं. माझ्या मते हा नियम चांगला आहे. त्या प्राथमिक फेरीत धावणारी मुलगी तिच्या देशातली सर्वोत्तम असते, आणि ती परत जाऊन दहा जणींना सांगते की मी तिथे जाऊन आले.

पण ज्युलियन त्या जागेवर आलेली नव्हती. महिलांच्या १०० मीटरसाठी पॅरिसची पात्रता वेळ ११.०७ सेकंद होती. ती त्याच्या कितीतरी आत धावत होती.

क्रिकेटमध्ये ही सगळी बेटं वेस्ट इंडीज म्हणून एकत्र खेळतात. ऑलिंपिकमध्ये वेगळी का?

कारण ऑलिंपिकला देश जात नाही, राष्ट्रीय ऑलिंपिक समिती जाते, आणि यातल्या प्रत्येक बेटाची स्वतःची समिती आहे. वेस्ट इंडीजची नाही. फक्त एकदा, १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये, तेव्हाच्या वेस्ट इंडीज संघराज्याचं एकत्र पथक गेलं आणि दोन कांस्यं घेऊन आलं. संघराज्य १९६२ मध्ये मोडलं. २०२८ च्या लॉस एंजेलिसला क्रिकेट परत येतंय, तेव्हा वेस्ट इंडीज या नावाने संघ उतरू शकत नाही. खेळायचं झालं तर कुठल्यातरी एका बेटाने खेळायचं.

सेंट लुसियाचं क्रिकेटमधलं नाव आपल्याला माहीत आहे, फक्त ते सेंट लुसियाचं आहे हे माहीत नसतं. डॅरेन सॅमी तिथल्या मिकू गावचा. २०१२ आणि २०१६ चे दोन्ही टी-ट्वेंटी विश्वचषक त्याच्या नेतृत्वाखाली जिंकले. ३१ मार्च २०१६ ला वानखेडेवर भारत उपांत्य सामना हरला, ती रात्र मुंबईकर विसरलेले नाहीत. त्या दिवशी ५२ धावा करून पाठलागाचा पाया घालणारा जॉन्सन चार्ल्सही सेंट लुसियाचाच.

ज्युलियन जिंकली त्या रात्री आणखी एका बेटाला सोनं मिळालं, ते कोणतं?

डॉमिनिका. डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे, तो वेगळा आणि मोठा देश. डॉमिनिका म्हणजे सुमारे ७० हजार वस्तीचं डोंगराळ बेट, २०१७ च्या मारिया चक्रीवादळाने पार झोडपलेलं. त्याच स्टेडियममध्ये, त्याच संध्याकाळी, थिया लाफाँडने तिहेरी उडीत १५.०२ मीटर अंतर गाठून सोनं घेतलं. ऑलिंपिकमधलं तिच्याही देशाचं हे पहिलं पदक. ती लहानपणीच अमेरिकेत गेली आणि तिथे शाळेत शिकवत शिकवत सराव करत आली. डॉमिनिकातही धड ट्रॅक नाही.

दोन शेजारणी, दोन्ही देशांचं पहिलंच पदक, दोन्ही सोन्याची, एकाच रात्री. मार्चमध्ये ग्लासगोलाही या दोघींनी एका दिवसाच्या अंतराने जागतिक सुवर्णं घेतली होती, त्यामुळे लक्ष ठेवून असणाऱ्यांना हा योगायोग वाटला नाही.

नीरज चोप्राला टक्कर देणारा अँडरसन पीटर्सही अशाच बेटावरचा ना?

हो, ग्रेनेडाचा. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत त्याने ९०.५४ मीटर भाला फेकून नीरजला रौप्यावर थांबवलं होतं. पॅरिसमध्ये अर्शद नदीम ९२.९७, नीरज ८९.४५ आणि पीटर्स ८८.५४. दशशर्यतीत लिंडन व्हिक्टरने दुसरं कांस्य आणलं. ऑलिंपिकच्या काही आठवडे आधी, १ जुलैला, बेरिल चक्रीवादळाने ग्रेनेडाच्या कॅरिआकू बेटावरची बहुतेक घरं उद्ध्वस्त केली होती. ही दोन पदकं तिथल्या लोकांना कशी लागली असतील याची कल्पना करता येते.

ग्रेनेडाचं पहिलं ऑलिंपिक पदक मात्र २०१२ चं. किरानी जेम्सने लंडनमध्ये ४०० मीटर ४३.९४ सेकंदांत धावून थेट सोनं घेतलं. पुढे रिओला रौप्य, टोकियोला कांस्य. गुयाव या मच्छीमार गावचा पोरगा.

लोकसंख्येच्या हिशेबाने पदकतालिका लावली तर?

पॅरिसमध्ये पहिलं ग्रेनेडा, दुसरं डॉमिनिका, तिसरं सेंट लुसिया. तिन्ही शेजारी. अशी तालिका गंमत म्हणून बरी, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये. लाखभर वस्तीच्या देशाला एक पदक मिळालं की तो वर जातो, पुढच्या वेळी नाही मिळालं की तळाला.

एवढ्याशा बेटांवरून इतके वेगवान धावपटू कसे निघतात? रक्तातच असतं का?

रक्ताचं उत्तर सोपं आहे म्हणून लोकांना आवडतं. मला ते पटत नाही. मला दिसतं ते असं: या बेटांवर शाळेच्या वार्षिक क्रीडादिनाला सगळं गाव लोटतं. तिथून बेटाची स्पर्धा, आणि तिथून ईस्टरच्या सुट्टीत होणारी कॅरिफ्टा स्पर्धा. ही १९७२ पासून कॅरिबियन देशांतल्या किशोरवयीन धावपटूंसाठी भरते. म्हणजे पंधरा-सोळाव्या वर्षी मुलगी परदेशी धावपटूंच्या शेजारी उभी राहिलेली असते. अमेरिकन विद्यापीठांचं अशा ठिकाणच्या मुलांकडे लक्ष असतं. कुणी चमकलं की शिष्यवृत्ती मिळते, शिक्षण आणि प्रशिक्षण दोन्ही होतं.

आणि एक गोष्ट लहान असण्यातच आहे. बेटावर चांगली धावणारी मुलगी सगळ्यांना माहीत असते. ती दोन आठवडे मैदानावर दिसली नाही तर कुणीतरी घरी जाऊन विचारतं. मोडेस्ट यांनी ज्युलियनला परत आणलं ते असंच.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पुढे जाण्यासाठी बेट सोडावंच लागतं. चौदाव्या वर्षी घर सोडणं ही काही छोटी किंमत नाही, आणि जी मुलं सोडू शकत नाहीत ती तिथेच थांबतात.

जमैकात वाढली, अमेरिकेत शिकली. मग सेंट लुसियासाठीच का धावली?

कारण ती सेंट लुसियाचीच आहे. तिच्यासाठी हा प्रश्न कधी होता असं मला तिच्या बोलण्यातून कुठेच जाणवलं नाही. अशी सोय जगात आहे, ठरावीक काळ थांबून धावपटू दुसऱ्या देशाकडून खेळू शकतात आणि काही खेळतात. तिने निळा झेंडाच अंगावर घेतला. त्या झेंड्यासाठी ऑलिंपिकमध्ये राष्ट्रगीत वाजण्याची ती पहिलीच वेळ होती.

देशाने तिला काय दिलं?

सप्टेंबर २०२४ मध्ये ती परतली तेव्हा बेटावर सण होता. २७ सप्टेंबरला तिच्या नावाचा दिवस साजरा झाला, रोख बक्षीस आणि जमीन जाहीर झाली, आणि सिसेरॉनजवळून जाणाऱ्या मिलेनियम हमरस्त्याला तिचं नाव मिळालं. पॅरिसपासून जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेनेही सुवर्णविजेत्यांना ५० हजार डॉलर द्यायला सुरुवात केली, ते वेगळे.

त्या मिरवणुकीची दृश्यं पाहताना मला खाशाबा जाधव आठवले. १९५२ साली हेलसिंकीहून कुस्तीचं कांस्य घेऊन ते कऱ्हाडला उतरले आणि बैलगाड्यांच्या मिरवणुकीने गोळेश्वरला गेले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. त्यांना पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं होतं. आणि ज्युलियनच्या शर्यतीच्या दोनच दिवस आधी, १ ऑगस्टला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने नेमबाजीत कांस्य घेतलं. त्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता.

पॅरिसनंतर ती काय करतेय?

धावतेय. २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत १०० मीटरला १०.८४ सेकंदांत कांस्य मिळालं. पायाचा स्नायू दुखावल्याने २०० मीटर सोडावी लागली. पॅरिसमध्ये तिच्या मागे तिसरी आलेली मेलिसा जेफरसन-वुडन आता १०.६१ धावून जगज्जेती झाली आहे, त्यामुळे स्पर्धा पहिल्यापेक्षा अवघड आहे.

आम्ही मुलांनी तिची कोणती गोष्ट सरावात घ्यावी?

सुरुवात. पहिली दहा पावलं. मान वर काढू नका, हात मागेपर्यंत न्या. ब्लॉक नसतील तर मित्राला मागे बसवून त्याच्या पायांना टाच लावा. आम्ही तेच करतो आणि चालतं. आणि चुकीची सुरुवात झाली तर मैदान सोडून रुसून जाऊ नका. तिची यूजीनमध्ये झाली होती, पॅरिस त्यानंतर आहे.

या बेटांचे खेळाडू भारतात प्रत्यक्ष बघायला मिळतील का?

मिळतील अशी आशा आहे. याआधी दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सेंट लुसियाची लेव्हर्न स्पेन्सर उंच उडीचं कांस्य घेऊन गेली होती. पुढे २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला तिने देशाला राष्ट्रकुल स्पर्धेतलं पहिलं सोनं मिळवून दिलं. २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहे आणि सेंट लुसिया, डॉमिनिका, ग्रेनेडा तिन्ही राष्ट्रकुलात आहेत. मुंबईहून रात्री गाडीत बसलं की सकाळी अहमदाबाद. आमच्या सहावीच्या मुलांनी माझ्याकडून आत्ताच कबूल करून घेतलंय.